कासवाचें पान

मराठी भाषेनें एकाच शब्दांत तीन निरनिराळीं जनावरें कोंडून ठेविलीं आहेत. समुद्रांतून वाळूवर येऊन अंडीं घालणारें तें कासव. तळ्यांत, ओढ्यांत आणि विहिरींत राहणारें तेंही कासव. आणि जन्मांत कधीं पोहणें न शिकलेलें, माळरानावर पाला खात हिंडणारें तेंही कासवच. हा भेद शब्दांत उतरविण्याची निकड पूर्वजांस भासली नाहीं, आणि त्यांत त्यांचा दोषही नाहीं. कासव हें त्या काळीं पाळण्याचें जनावर नव्हतें. तें शिवालयांत नंदीजवळ दगडांत कोरलेलें असे, कूर्मावताराच्या कथेंत पाठीवर मंदर पर्वत घेऊन बसलेलें असे, गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अवयव आवरून घेण्याचा धडा देत असे, आणि मुलांच्या गोष्टींत सशाशीं लावलेली शर्यत जिंकीत असे. यांपैकीं कोणत्याही ठिकाणीं त्यास जेवावयास घालण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं.

तो प्रश्न आतां उद्भवला आहे. धनवृद्धि व्हावी, वास्तुदोष जावा, मुलांस सोबत व्हावी, अशा नाना हेतूंनीं शहरांतल्या घरांत कासवें येऊन राहिलीं आहेत, आणि भाषेंतल्या त्या एका शब्दाची किंमत त्यांस भरावी लागत आहे. माळावरचें कासव कोणी पाण्याच्या टपांत ठेवितो. तें रात्रभर कडेला नखें ओढीत राहतें आणि घरची मंडळी तें खेळत आहे असें समजतात. पाण्यांतल्या कासवापुढें कोणी कोथिंबिरीची जुडी टाकितो. वास्तविक कोंकणकिनाऱ्यावर वेळासला अंडीं घालावयास येणारें सागरी कासव खेकडे, मासे असें खातें. विहिरींतलें कासव गोगलगाय, बेडूक, शेवाळ, जें मिळेल तें खातें. आणि माळावरचें कासव मात्र जवळजवळ शुद्ध शाकाहारी असतें. येथें विचार व्हावयाचा तो या तिसऱ्याचा, आणि त्याच्यासाठीं अंगणांत वाढूं द्यावयाच्या रानफुलांचा.

परंतु पान मांडण्यापूर्वीं पंक्तीला कोण बसणार हें ठरलें पाहिजे, आणि येथें कायदा आडवा येतो. पाठीवर पिवळ्या चांदण्या काढल्यासारखें दिसणारें जें तारांकित कासव बाजारांत ‘स्टार’ या नांवानें चोरून विकलें जातें, तें पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनें तें पहिल्या अनुसूचींत गेलें व ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. वाघ ज्या अनुसूचींत आहे तीच ही अनुसूची, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद व निदान २५,००० रुपये दंड अशी आहे. देशोदेशींचा त्याचा व्यापारही २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें बंद केला. ‘आमच्या आजीच्या वेळेपासून आहे’, ‘आम्ही त्याला पोटच्या पोराप्रमाणें वाढविलें’, हीं वाक्यें खरीं असतील, नव्हे बहुधा खरींच असतात. पण कायद्यापुढें तीं टिकत नाहींत.

मग भल्या माणसांच्या मनांत येतें कीं, काळोख पडल्यावर तें गुपचूप कोठें तरी सोडून द्यावें. पुण्यही पदरांत पडेल. या पुण्याचा हिशेब मात्र नीट केला पाहिजे. भिवंडींत सोडण्याची जागा म्हटली म्हणजे वऱ्हाळा तलाव पहिल्यानें आठवतो, आणि माळावरचें कासव त्या तलावांत सोडणें म्हणजे त्यास बुडवून मारणें होय. बरें, शेतांत सोडावें, तर तें रानही त्याचें नव्हे. तारांकित कासवाची वस्ती एकीकडे गुजरात, राजस्थान व लगतचा पाकिस्तान, दुसरीकडे आग्नेय भारत, आणि तिसरीकडे श्रीलंका, अशी कोरड्या, झुडपी मुलखांत आहे. कोंकणच्या आषाढांत चार-चार दिवस सूर्य दिसत नाहीं, जमीन चिखल होते, आणि अशा ओलींत त्याच्या छातींत सर्दी भरते. पाळीव कासवाचे रोग रानांतल्या इतर कासवांस लागतात तें वेगळेंच. (ज्या हिरव्या, डोळ्यामागें तांबडा पट्टा असलेल्या अमेरिकन पाणकासवांचीं पिलें काचेच्या पेट्यांत विकलीं जातात, तींही तळ्यांत सोडणें घातकच; तीं जगतात, आणि इथल्या कासवांच्या तोंडचा घांस हिरावून घेतात.) वन विभागाच्या १९२६ या दूरध्वनीवर कळवून जनावर त्यांच्या स्वाधीन करणें, हा एकच मार्ग सरळ आहे. आजीच्या वेळचें जनावर देतांना घरांत डोळे ओले होतील. तरी तें द्यावें.

तर मग पंक्तीला उरलें कोण? एक, परदेशी जातींचीं कासवें. यांत आफ्रिकेंतलें सल्काटा विशेष आढळतें. मुठीएवढें पिलूं आणणाऱ्यांस बहुधा कोणी सांगत नाहीं कीं, हें जनावर चाळीस-पन्नास किलोंचें होतें आणि आणणाऱ्याच्या नातवंडांपर्यंत पुरतें. आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतील अशा परदेशी प्राण्यांची सरकारदरबारीं नोंद करणें आतां आवश्यक असून त्यासंबंधींचे नियम २०२४ सालीं निघाले आहेत. दुसरीं, इंग्लंडांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीं तिकडच्या कायद्याप्रमाणें कागदपत्र करून पाळलेलीं भूमध्य समुद्राकडचीं लहान कासवें. आणि तिसरीं, तस्करांकडून पकडून आणलेलीं, खटल्याचा निकाल लागेपर्यंत आणि पुढेंही वन विभागाच्या किंवा त्यानें मान्यता दिलेल्या केंद्रांच्या ताब्यांत राहणारीं. या तिघांनाही रोज पान वाढावें लागतें, आणि तें काय वाढावें हें ज्ञान तिघांच्याही बाबतींत जवळजवळ एकच आहे.

आपल्या घरांत पाहुण्यास जें द्यावें तेंच कासवास दिलें जातें: भात, पोळीचा तुकडा, दुधांत भिजविलेला पाव, काकडी, टोमॅटो, आंब्याची फोड. माया यांत पुरेपूर असते; पचन मात्र होत नाहीं. कासवाच्या तोंडांत दांत नसून चोंच असते, आणि ती नखांप्रमाणें जन्मभर वाढते. चरबरीत पाला ओढून तोडतांना ती झिजावी अशी निसर्गाची योजना आहे. मऊ भातावर ठेवलेल्या कासवाची चोंच पोपटासारखी वांकडी वाढते आणि पुढें त्यास तोंड मिटवत नाहीं. त्याच्या मोठ्या आंतड्यांत सूक्ष्म जंतूंची दाट वस्ती असते. तीच पाल्याचे तंतु आंबवून पचविते. गोड फळांचा मारा झाला कीं ती वस्ती बिघडते, आणि दूध तर सरपटणाऱ्या जातीसाठीं नव्हेच.

याहून मोठी गोष्ट कवचाची. कवच म्हणजे कासवानें पांघरलेलें घर, अशी समजूत आहे. तें घर नव्हे. तें त्याचें शरीरच होय. बरगड्या आणि पाठीचा कणा यांचें मिळून झालेलें तें हाड आहे, आणि त्यावर नखाच्या जातीच्या खवल्यांचें आच्छादन आहे. म्हणून अन्नांत कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, फॉस्फरसच्या निदान दुप्पट असावा लागतो. भातांत हें प्रमाण नेमकें उलटें असतें. अशा अन्नावर वाढलेल्या कासवाचें कवच दाबलें असतां बोटाखालीं लवतें. तें चालतांना पोट जमिनीस घासतें. आणि एकदां वाढींत आलेला विद्रूपपणा पुढें कितीही चांगलें खाऊं घातलें तरी जात नाहीं. मनुष्याच्या बालपणींच्या उपासमारीची खूण कपड्यांखालीं झांकतां येते. कासवाची पाठीवर राहते. पाठीवरच्या प्रत्येक खवल्याचा डोंगर होऊन बसतो त्या विकृतीचा दोष मात्र सर्वस्वीं अन्नाच्या माथीं मारूं नये. २००३ सालीं सल्काटाच्या पिलांवरील एका प्रयोगांत, प्रथिनांच्या प्रमाणापेक्षां कोरड्या हवेचा परिणाम त्यावर अधिक झालेला आढळला. पिलास थोडी दमट, आडोशाची जागा हवी असते. दमट हवा निराळी आणि वर सांगितलेला आषाढाचा चिखल निराळा. ऊनही हवें, आणि तें उघड्यावरचें. कारण हाडांस उपयोगी पडणारे सूर्याचे किरण खिडकीच्या कांचेंत अडकून राहतात.

आतां रानफुलांकडे वळूं. इंग्लंडांत गिल्बर्ट व्हाइट नांवाचा एक पाद्री होऊन गेला. त्याचें सेलबोर्न गांवच्या निसर्गावरील पुस्तक १७८९ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या आत्यानें टिमथी नांवाचें एक कासव चाळीसएक वर्षें सांभाळलें होतें. तें १७८० सालीं त्याच्याकडे आलें. त्या गृहस्थानें टिमथीचें खाणें, झोंपणें, पाऊस येण्यापूर्वीं आडोशाला जाणें, हें सगळें बारकाईनें टिपून ठेविलें. टिमथीचें कवच लंडनच्या संग्रहालयांत जपून ठेवलेलें आहे, आणि नांव पुरुषाचें असलें तरी ती मादी होती असें पुढें कळलें. व्हाइटच्या ध्यानांत आलें होतें कीं, देठ मोडला असतां चीक निघणाऱ्या पालेभाज्या व रानवनस्पति या जनावरास विशेष आवडतात. तिकडील डँडेलियन नांवाचें पिवळें रानफूल त्यांतलेंच. आजही पाश्चात्त्य देशांतला कासव पाळणारा मनुष्य अंगणांत हें फूल मुद्दाम वाढवितो आणि त्याचा शेजारी तें मुद्दाम उपटितो.

कोंकणांत डँडेलियन नाहीं. पण त्याची सख्खी नातलग आहे, तिचें नांव पाथरी. जमिनीलगत चक्राकार पसरलेलीं दांतेरी पानें, सकाळीं उमलणारें पिवळें फूल, आणि वाऱ्यावर उडणाऱ्या पांढऱ्या म्हाताऱ्या, अशी तिची ओळख. कडवट असली तरी माणसेंही तिची भाजी करितात. कासवाच्या पानावर पहिला मान तिचा. मात्र व्हाइटचा चिकाचा नियम जसाच्या तसा इकडे आणणें धोक्याचें आहे. इंग्लंडांतल्या त्याच्या बागेंत चिकाचीं झाडें बहुशः निरुपद्रवी होतीं. आपल्या परसांत रुई आहे, शेराचें कुंपण आहे, आणि फरशीच्या फटींतून उगवणारी नायटी आहे. या सर्वांस चीक आहे आणि त्यांपैकीं एकाचाही चीक पोटांत जाण्याजोगा नाहीं. नायटीचीं पानें देठावर समोरासमोर जोडीनें येतात आणि फुलांचे बारीक गुच्छ पानांच्या बगलेंत असतात. पाथरीचीं पानें जमिनीवर बसलेलीं असतात. एवढा भेद मुलांकडून घोकून घ्यावा.

पाथरीच्या खालोखाल एकदांडी. लांब देठावर एकटेंच डोलणारें, मध्यें पिवळें व कडेला पांढरें असें तिचें फूल भिंतीच्या कडेस, गच्चीच्या मोरीपाशीं, कोठेंही येतें. ती मूळची अमेरिकेची, पण आतां इथलीच होऊन गेली आहे. मग केना, ज्याच्या निळ्या फुलाकडे पाहून पावसाळा लागल्याची खात्री पटते. मग पुनर्नवा, जिला घेटुळी म्हणतात. हिचें मूळ खोल असतें, उन्हाळ्यांत वरचा पसारा वाळला तरी पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हां उठते, आणि नांव सार्थ करिते. हरळी तर हवीच; गवतासारखा तंतु कशांतच नाहीं. रानफुलांच्या जोडीला जास्वंदीचीं पानें व फुलें, गोकर्णाचीं फुलें, तुतीचा पाला व शेवग्याचा पाला द्यावा. घोळ, आंबुशी, माठ यांत ऑक्झॅलिक आम्ल असतें व तें चुन्याच्या अंशास बांधून टाकितें, म्हणून त्यांचा चिमूटभर वापर ठीक. बाजारचा पालक तर याच दोषासाठीं टाळावा. रोज एकच पाला देऊं नये. माळावरचें कासव चार पावलें चालतें, एक घांस घेतें, पुन्हां चालतें, आणि दिवसाकांठीं दहा जातींचीं पानें त्याच्या पोटांत जातात. तीच त्याची रीत घरीं राखावी.

घाणेरी, कण्हेर, धोत्रा, एरंड, सदाफुली, गाजरगवत यांचा पाला किंवा फुलें कासवाच्या वाटेंतही नसावींत. सदाफुली येथें पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटेल, कारण ती प्रत्येक गच्चींत आहे व दिसावयास निष्पाप आहे. तिच्यांतून कर्करोगावरचीं औषधें निघतात, आणि एवढीं जालीम औषधें ज्या पानांत असतात तें पान भाजी म्हणून खावयाचें नसतें.

येथवर ऐकून कोणी पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेचा पाला तोडावयास निघेल, तर त्यानें थोडें थांबावें. भिवंडी हें मागांचें आणि गोदामांचें शहर आहे. नाशिकच्या हमरस्त्यालगत भातशेतीवर भराव घालून गोदामें उठलीं, आणि त्या भरावावर पावसाळ्यांत एकदांडी व केना अमाप माजतात, पण मालमोटारींचा धूर आणि तेलाची धूळ त्यांच्या पानांवर बसलेली असते. कापड रंगविणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याच्या कडेची हिरवळ तर फारच टवटवीत दिसते. ती तशीच दुरून पाहावी. बाजारांतून आणलेल्या झेंडूवर व गुलाबावर औषध फवारलेलें असण्याचा संभव असतो, म्हणून देवाचें निर्माल्य कासवास घालण्याची जी एक भाविक पद्धत कांहीं घरांत पडली आहे, ती बंद करावी. रानभाज्या घेऊन बाजारांत येणाऱ्या वारली व कातकरी बायांस कोणती भाजी कोठल्या उताराची हें तोंडपाठ असतें. त्यांना विचारून पाथरी आणतां येते. पण रोजच्या रोज पान मांडावयाचें तर तें स्वतःच्या अंगणांतच वाढविलें पाहिजे.

हें काम सोपें आहे, कारण त्यांत करण्यापेक्षां न करण्याचाच भाग मोठा. चार फूट रुंद, सहा फूट लांब असे दोन वाफे पुरे. अंगण नसेल तर गच्चीवर पसरट कुंड्या. माती हलकी असावी. शेणखत बेताचें, आणि युरिया मुळींच नको. त्यानें पाला पाणचट होऊन माजतो. रोहिण्यांत माती भुसभुशीत करावी आणि मृगाचा पहिला पाऊस पडला कीं गेल्या वर्षीं जमविलेलें बीं वरचेवर विस्कटावें. खोल पुरूं नये. बीं नसेल तर नुसती माती उघडी ठेवावी, आठ-दहा दिवसांत निम्मी पंगत बोलावल्याशिवाय येते. आलेल्या रोपांतून घाणेरी, गाजरगवत, नायटी तेवढीं निवडून काढावीं. बागवान ज्याला तण म्हणून काढितो तें येथें ठेवावयाचें आणि विषारी तेवढें काढावयाचें. माळ्याला हें समजावून देणें हाच या सर्व खटाटोपांतला अवघड भाग आहे. तो सुटीच्या दिवशीं येऊन सगळा वाफा ‘स्वच्छ’ करून जातो, आणि घरधनीण त्यास चहाही देते.

एका वाफ्यांत कासवास चरूं द्यावें, दुसरा विटांची आडभिंत घालून राखावा, आणि पंधरवड्यानें अदलाबदल करावी. पाला कात्रीनें कापावा, उपटूं नये. प्रत्येक जातीचीं कांहीं रोपें फुलून बियांवर येईपर्यंत हात न लावतां सोडावीं. एकदांडीच्या व पाथरीच्या म्हाताऱ्या उडण्यापूर्वीं सकाळच्या वेळीं चिमटीनें खुडून कागदाच्या पुडींत ठेवाव्या. रोपवाटिकेंतून विकत आणलेली जास्वंद लगेच देऊं नये. जुनीं पानें गळून नवीं फुटेपर्यंत वाट पाहावी. वाफ्याच्या कोपऱ्यांत पसरट थाळींत पाणी असावें, कासवाची मान बुडणार नाहीं इतकें. काष्ठौषधींच्या दुकानांत समुद्रफेस मिळतो, त्याचा एक तुकडा जवळ टाकून ठेवावा. चुन्याची गरज भासेल तेव्हां तें आपण होऊन कुरतडतें, आणि चोंचही झिजते.

कार्तिकापर्यंत पानाची ददात पडत नाहीं. पुढें पाणी घालून दुसरी पेरणी माघापर्यंत ओढतां येते. चैत्र-वैशाखांत मात्र केना दिसेनासा होतो, एकदांडी खुरटते, आणि याच दिवसांत घरचीं माणसें कंटाळून पुन्हां काकडीकडे वळतात. त्यासाठीं आश्विनांत, पाला भरात असतांना, हरळी, एकदांडी व तुती सावलींत वाळवून कापडी पिशवींत टांगून ठेवावी. देतेवेळीं पाण्याचा हबका मारला कीं पुरे. फड्या निवडुंगाचें एखादें झाड कुंपणाला असेल तर उन्हाळ्यांत त्यासारखा दुसरा आधार नाहीं. त्यांत पाणीही आहे आणि चुनाही. कोंवळें पान चिमट्यानें तोडावें, मोठे काटे काढावे, आणि मग विस्तवावर दोन्ही बाजूंनीं फिरवून डोळ्यांस न दिसणारी बारीक कूस जाळून टाकावी. बोट फिरवून पाहावें, आणि टोचत नाहीं अशी खात्री झाल्यावरच फोडी करून कासवापुढें ठेवावें.